होस्टिंग कंपनीचे नाव न सांगणाऱ्या ताईंस, कृतज्ञतापूर्वक

सोलापूर

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

आमच्या सातजणींच्या गटाच्या वतीने हे पत्र लिहीत आहे. आभार मानायला आपल्या घरी येणे काही अवघड नव्हते, जुळे सोलापूर आमच्यापासून फार दूर नाही. परंतु वेबसाइट ठेवायला जागा देणारी होस्टिंग कंपनी कशी पारखावी, याबद्दल आपण आम्हाला जे समजावून दिले ते कडक भाकरी, शेंगा चटणी, चादरी किंवा टॉवेल वेबसाइटवरून विकणाऱ्या आपल्या गावच्या कितीतरी जणांच्या उपयोगाचे आहे, म्हणून हे पत्र सर्वांना वाचता येईल असे लिहिले आहे.

गेल्या वर्षी संक्रांतीच्या आठ दिवस आधी आमची वेबसाइट बिघडली. भोगीसाठी तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकरीची मागणी पुण्या-मुंबईहून त्याच आठवड्यात येते. पुण्याच्या एका ग्राहक बाईंनी फोन करून सांगितले, तेव्हा आम्हाला कळले की आमच्या पत्त्यावर जुगाराची जाहिरात उघडते आहे. ज्यांच्याकडे होस्टिंग होते त्यांचे उत्तर चौथ्या दिवशी आले. त्याच सर्व्हरवरच्या, म्हणजे वेबसाइट साठवणाऱ्या त्याच संगणकावरच्या, दुसऱ्या कोणाच्या तरी वेबसाइटमधून बाधा पसरली होती आणि आमचा बॅकअपही (माहितीची राखीव प्रत) त्याच सर्व्हरवर असल्यामुळे तोही निकामी झाला होता. तीन वर्षांच्या ऑर्डरी, ग्राहकांचे पत्ते, कोणाला तिखट कमी हवे आणि कोणाला लसूण नको याच्या नोंदी, सगळे गेले. ते आपल्याला सांगताना आमच्यातल्या दोघींना रडू आवरले नाही, हे आपण पाहिलेच आहे.

त्या संध्याकाळी आम्ही आपल्याला एकच विचारले होते : चांगली कंपनी कोणती, तेवढे नाव सांगा. आपण नाव सांगितले नाही. त्या वेळी मला त्याचे थोडे वाईट वाटले होते, हे आज मोकळेपणाने कबूल करते. आपण म्हणालात की आज चांगली असलेली कंपनी उद्या दुसऱ्याच्या हाती जाऊ शकते, तेव्हा नाव पाठ करण्यापेक्षा कंपनीला काय विचारायचे ते शिका. मग सलग तीन संध्याकाळी ऑफिसचे काम आटोपून आपण आमच्या ओट्यावर येऊन बसलात.

पहिला प्रश्न शेजाराचा होता. स्वस्त शेअर्ड होस्टिंगमध्ये एकाच सर्व्हरवर शेकडो वेबसाइट नांदतात आणि त्यात मुळात गैर काही नाही. प्रत्येक बिऱ्हाडाला स्वतंत्र दार आणि कुलूप आहे की सगळ्यांचा वावर एकाच सोप्यातून आहे, एवढेच पाहायचे. प्रत्येक खाते इतरांपासून वेगळे ठेवले आहे का, असे थेट विचारायला आपण शिकवलेत. आमच्या जुन्या जागी ते वेगळे नव्हते, ही गोष्ट आम्हाला नुकसान झाल्यावर कळली.

बॅकअपसाठी आपण सर्वांत जास्त वेळ दिलात आणि माझ्या मते तेच योग्य होते. 'रोज बॅकअप' हे शब्द सगळ्याच कंपन्या लिहितात, पण तो कुठे ठेवतात, किती दिवस ठेवतात आणि परत मिळवायला वेगळे पैसे पडतात का, हे विचारल्याशिवाय त्या शब्दांना किंमत नाही. ओव्हीएच या मोठ्या फ्रेंच कंपनीच्या स्ट्रासबर्ग येथील डेटा सेंटरला, म्हणजे सर्व्हर ठेवण्याच्या जागेला, १० मार्च २०२१ रोजी आग लागली आणि एक अख्खी इमारत जळाली, ही हकिकत आपण सांगितलीत. काही ग्राहकांचा बॅकअप त्याच ठिकाणी असल्यामुळे तोही मूळ माहितीबरोबर गेला. सर्व्हर मुंबईत असला तर पुण्या-मुंबईच्या ग्राहकांना वेबसाइट लवकर उघडते, तो तिथेच असू द्या, पण एक प्रत दुसऱ्या शहरात आणि एक आपल्या हातात, असा आपला आग्रह होता. त्याप्रमाणे दर सोमवारी एक प्रत आमच्या कपाटातल्या हार्ड डिस्कवर उतरते. नवीन जागी गेल्यावर आपण मुद्दाम चटणीच्या भावाचे पान आमच्याच हातून पुसायला लावलेत आणि आदल्या दिवशीच्या बॅकअपमधून ते परत आणायला सांगितलेत. चाळीस मिनिटे लागली. ते पान पुन्हा दिसले, तेव्हा वर्षभरात प्रथमच मला निर्धास्त वाटले.

'९९.९ टक्के अपटाइम' या जाहिरातीचा हिशेब आपण आमच्या हिशेबाच्या वहीतच मांडायला लावलात. तीस दिवसांच्या महिन्यात ९९.९ टक्के म्हणजे सुमारे ४३ मिनिटे वेबसाइट बंद राहिली तरी कंपनीचा शब्द मोडत नाही, आणि ९९ टक्के म्हणजे ७ तास १२ मिनिटे. दिसायला एका टक्क्याहूनही कमी फरक आहे, पण भोगीच्या आदल्या दिवशी तो आमच्या दिवसभराच्या विक्रीएवढा आहे. शिवाय भरपाई बहुधा होस्टिंगच्या शुल्कातून वजा होते, बुडालेल्या ऑर्डरीची मिळत नाही, हे अटींमध्ये कुठे लिहिलेले असते तेही आपण बोट ठेवून दाखवलेत.

मला स्वतःला सर्वांत मोलाची वाटली ती रात्री अकराची परीक्षा. पैसे भरण्याआधी तीन कंपन्यांना एकच प्रश्न रात्री अकरा वाजता पाठवायचा आणि उत्तराची वेळ लिहून ठेवायची. एकीकडून ठरावीक मजकूर आला, ज्यात आमच्या प्रश्नाचा उल्लेखही नव्हता. दुसरीचे उत्तर दुसऱ्या दिवशी दुपारी आले. तिसरीने वीस मिनिटांत कळवले की या योजनेत बॅकअप फक्त चौदा दिवस ठेवला जातो, त्याहून जुना हवा असेल तर प्रत तुम्हीच ठेवा. मला ते उत्तर उणे वाटले होते. आपण मात्र म्हणालात की जी कंपनी आपली मर्यादा विक्रीच्या आधी सांगते, ती अडचणीच्या वेळीही खरे सांगण्याची शक्यता जास्त. आम्ही तीच निवडली.

ग्राहकांची माहिती वेबसाइटवर सुरक्षितपणे पोचावी म्हणून लागणाऱ्या एसएसएल प्रमाणपत्रासाठी आम्ही दरवर्षी वेगळे पैसे मोजत होतो. लेट्स एन्क्रिप्ट या सेवेचे प्रमाणपत्र विनाशुल्क मिळते आणि चांगल्या होस्टिंगमध्ये ते आपोआप नवे होत राहते, हे कळल्यावर तो खर्च थांबला. वेबसाइट सांभाळायच्या कंट्रोल पॅनेलचा पासवर्ड आता गटाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत नाही, आणि आत जाताना पासवर्डबरोबर मोबाइलवर दिसणारा तात्पुरता सांकेतिक आकडाही द्यावा लागतो.

सर्व्हरवर कोण कधी आले आणि काय केले याच्या, म्हणजे लॉगच्या, नोंदींबद्दल मात्र थोडे सविस्तर लिहिले पाहिजे. जुन्या ठिकाणी बाधा नेमकी कोणत्या वाटेने आली हे कोणीच सांगू शकले नाही, कारण नोंदीच उरल्या नव्हत्या. केंद्र सरकारच्या, सायबर सुरक्षेचे काम पाहणाऱ्या सर्ट-इन या संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार अशा नोंदी १८० दिवस ठेवाव्या लागतात आणि सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावी लागते. हे आपण सांगितलेत, तेव्हा आमच्या लक्षात आले की नोंदी कुठे आणि किती दिवस ठेवता, असे विचारणे म्हणजे कोणावर अविश्वास दाखवणे नव्हे. ग्राहकांचे पत्ते आणि फोन नंबर त्यांनी आमच्या भरवशावर दिलेले असतात.

आमच्या वेबसाइटचे डोमेनच, म्हणजे इंटरनेटवरचा पत्ताच, आमच्या नावावर नव्हते, हे आपल्यामुळे उघडकीस आले. ज्या मुलाने वेबसाइट करून दिली त्याने ते सोयीसाठी स्वतःच्या नावावर घेतले होते. आपण लिहून दिलेले सौम्य शब्दांतले पत्र मिळताच त्याने दोन दिवसांत ते गटाच्या नावावर करून दिले. त्याचेही आभार. डोमेन आणि होस्टिंग आता वेगवेगळ्या ठिकाणी आहे, त्यामुळे पुन्हा कधी जागा बदलायची वेळ आली तर पत्ता आमच्याच हातात राहील.

पहिल्या वर्षाचा दर पाहून भुलू नका, दुसऱ्या वर्षाचा दर लेखी मागा, असे आपण निघताना दारात उभे राहून सांगितले होते. नूतनीकरणाचे बिल काल आले. कंपनीने दिलेल्या आणि वहीत चिकटवलेल्या लेखी दराच्या पत्राशी ते ताडून पाहिले. आकडा तोच आहे.

आपल्या कृतज्ञ,
ओट्यावरच्या आम्ही सातजणी