साक्षगंध ते लग्न : खेड्यातल्या एका फोटोवाल्याचं पत्र

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मी आर्वी तालुक्यातल्या एका गावात फोटो स्टुडिओ चालवतो, लग्नाचे फोटो काढणं हाच धंदा. तुळशीचं लग्न लागलं की तारखा घ्यायला लोक यायला लागतात, आणि आता साक्षगंध (साखरपुडा) झालेली पोरं-पोरी आली की पहिला प्रश्न ठरलेला, पॅकेज कितीचं? ड्रोन आहे का, क्रेन आहे का, प्री-वेडिंगला चिखलदऱ्याला येता का. पण लग्न कोणत्या वेळी लागणार, तेव्हा ऊन कुठं असेल, मांडवाचं कापड कोणत्या रंगाचं हे कोणीच विचारत नाही, आणि फोटो चांगले येतात की बिघडतात ते याच गोष्टींवर. म्हणून तुमच्या पेपरातून ज्यांचं लग्न ठरलंय त्यांच्याशी थोडं बोलावं वाटलं, आमच्याकडं पारावर अजूनही एक पेपर दहा जण वाचतात.

सगळ्यात पहिले मांडव. खेड्यात घरासमोर मांडव टाकला की वरून हिरवी नेट ताणतात, सावली मस्त होते, पण त्या नेटमधून खाली येतो तो उजेड हिरवा असतो आणि बसलेल्या सगळ्यांचे चेहरे हिरवट पडतात, हळद लागलेली नवरी तर कावीळ झाल्यासारखी दिसते. फ्लॅश मारला तर समोरून पांढरा उजेड आणि गालाच्या कडेला, केसांवर, मानेवर हिरवा, म्हणजे अर्धा चेहरा एका रंगाचा न अर्धा दुसऱ्या, मग कॉम्प्युटरवर रात्र रात्र बसलं तरी ते पूर्ण निघत नाही. लाल-पिवळ्या कापडाचंही तेच. उपाय एकदम साधा आहे, बिछायतवाल्याला आधीच सांगून ठेवा की जिथं लग्न लागणार आणि जिथं हळदीचा पाट राहील त्या जागेवर वरून पांढरं कापड बांध, बाकीचा मांडव कसाही राहू दे. याला खर्च जवळपास काहीच येत नाही आणि फरक एवढा पडतो की ड्रोन लावूनही तेवढा पडत नाही. स्टेजवरचे ते फिरणारे जांभळे-निळे लाइट असतात तेही मंगलाष्टकं आणि आहेराच्या वेळी बंद ठेवायला लावा, नाचताना खुशाल लावा.

मग वेळ. पत्रिकेत मुहूर्त ११ वाजून ४० मिनिटं छापलेला असतो आणि वरात मारुतीच्या देवळापासून हलते तीच साडेबाराला, डीजेसमोर पोट्टे नाचतात, नवरदेव घोड्यावर कोट घालून घामानं निथळतो आणि इकडं नवरी सकाळपासून मेकअप करून कूलरसमोर बसलेली, पोटात अन्नाचा कण नाही कारण लग्न लागेपर्यंत जेवायचं नाही म्हणतात. वैशाखात आपल्याकडं अकोला, वर्धा, चंद्रपूर, ब्रह्मपुरी कुठंही पारा ४५ च्या वर जातो, हे काय कोणाला सांगायला पाहिजे? त्या उन्हात लग्न लागून दोन वाजता जोडीचे फोटो काढायला बाहेर उभं केलं की सूर्य डोक्यावर, डोळ्यांच्या खोबणीत काळी सावली, नाकाची सावली ओठावर, वरून डोळे उघडत नाहीत. नवरी चक्कर येऊन खाली बसलेली मी बघितली आहे आणि तरी घरचे म्हणत होते की दोन फोटो राहिले तेवढे होऊ द्या. असं करू नका हो. उन्हाळ्यातलं लग्न असेल तर जोडीचे फोटो संध्याकाळी साडेपाच ते साडेसहाच्या मधे, पाठवणीच्या आधी ठेवा, डिसेंबरातलं असेल तर साडेचार ते साडेपाच, आणि हे दोन्हीकडच्या मोठ्या माणसांना आधीच सांगून ठेवा म्हणजे ऐनवेळी "गाडी निघाली, चला चला" होत नाही. भटजींना गोरज मुहूर्त निघतो का विचारा, निघाला तर उन्हाचा सगळाच ताप वाचतो. आणि नवरीला दर तासाला ताक, लिंबूपाणी, ओआरएस देत राहा, स्ट्रॉनं दिलं की लिपस्टिक जात नाही. उपाशी ठेवून तोंडावर तेज येत नाही, दोन घास आधी खाऊ घाला.

चेहऱ्याचं थोडं स्पष्टच लिहितो. लग्न ठरलं की महिना दोन महिन्यात गोरं व्हायचं म्हणून पोरी मेडिकलमधून ट्यूब आणून लावतात, मैत्रिणीनं सांगितली म्हणून. त्यातल्या लय ट्यूबमधे स्टेरॉइड असतं, पहिले आठ-पंधरा दिवस चेहरा उजळल्यासारखा वाटतो आणि मग पुरळ, लाली, आग आग होणं, कातडी पातळ होणं, काहींना तोंडावर लव येणं असं सुरू होतं, आणि ट्यूब बंद केली की आणखी वाढतं. ही औषधं डॉक्टरच्या चिठ्ठीवरच द्यायची आहेत, तरी भेटतात. लग्नाच्या तोंडावर असा चेहरा घेऊन बसलेली पोरगी पाहिली की जीव तुटतो. काही लावायचंच असेल तर कातडीच्या डॉक्टरला दाखवा. फेशियल, ब्लीच करायचं तर लग्नाच्या आठवडाभर आधी, आदल्या दिवशी बिलकुल नाही, आणि आधी कधी केलं नसेल तर कानामागे थोडं लावून बघा. मेंदी दोन दिवस आधी काढा, रंग एक-दोन दिवसांनीच गडद येतो. लावल्या लावल्या काळीभोर दिसणारी मेंदी येते तिच्यात केस काळे करायचं केमिकल असू शकतं, तिनं हाताला फोड येतात, ती नकोच.

आणि आमच्याकडं फोटो निवडायला आलेली मंडळी म्हणतात, भाऊ, थोडी गोरी करून द्या ना. मी करत नाही. सावळी पोरगी सावळीच चांगली दिसते, फक्त उजेड बरोबर पाहिजे आणि मेकअपवालीनं रंग मानेशी जुळवून लावला पाहिजे. मेकअपची ट्रायल घ्या, दिवसाच्या उजेडात बाहेर उभं राहून मोबाइलनं एक फोटो काढा, चेहरा पांढरा न मान-हात सावळे असं दिसलं तर तिथंच सांगा. चष्मा असलेल्यांनी तर चष्मा काढूच नका, काढला की दिसत नाही, मग डोळे बारीक होतात आणि सगळ्या फोटोत तेच येतं. फ्लॅशची चमक येऊ नये म्हणून अँटी-ग्लेअर काच घाला आणि उन्हात काळी होणारी काच असेल तर लग्नापुरती साधी करून घ्या, नाहीतर नवरदेवाचे डोळेच दिसत नाहीत.

चेहऱ्यासाठी एवढं करतो तसं रक्तासाठी एक काम करा, याचा फोटोशी संबंध नाही पण मी लिहिल्याशिवाय राहू शकत नाही. आपल्या विदर्भात गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर, यवतमाळ, मेळघाट या पट्ट्यात सिकलसेल हा आईबापाकडून लेकरात येणारा रक्ताचा आजार लय आहे. वाहक, म्हणजे रक्तात दोष आहे पण स्वतः आजारी नाही अशा माणसाला बहुतेक वेळा काहीच त्रास नसतो, त्याला माहीतही नसतं, पण नवरा-बायको दोघंही वाहक निघाले तर प्रत्येक बाळंतपणात मूल आजारी जन्मायची शक्यता चारात एक असते, आणि त्या लेकरांच्या हातापायात उठणाऱ्या कळा ज्यानं बघितल्या त्यालाच माहीत. तपासणी रक्ताच्या थेंबावर होते, प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा, केंद्र सरकारनं १ जुलै २०२३ पासून याचं राष्ट्रीय अभियानच काढलेलं आहे. खरं तर साक्षगंधाच्या आधीच करायला पाहिजे, नसेल केली तर आता करा, आणि दोघंही वाहक निघाले तर घाबरून लगेच मोडामोड करू नका, आधी डॉक्टरांशी दोघांनी मिळून बोला, पुढं गर्भाची तपासणी करता येते. पत्रिका जुळवायला आपण चार ठिकाणी फिरतो, हे अर्ध्या दिवसाचं काम आहे.

आता प्री-वेडिंग. मला त्याचा राग नाही, काही समाजांच्या बैठकीत त्यावर बंदी घालायचं चाललंय, मला ते पटत नाही, पोरं-पोरी चार तास एकमेकांसोबत हसत-बोलत घालवतात हे चांगलंच आहे, लग्नाच्या दिवशी मग कॅमेऱ्यासमोर लाजून ताठ उभी राहत नाहीत. पण खर्च कोण करतो ते बघा. सोयाबीनचा २०२५-२६ चा हमीभाव ५३२८ रुपये क्विंटल, म्हणजे साठ हजाराचं पॅकेज घेतलं तर हमीभावानं विकलं तरी अकरा क्विंटलच्या वर सोयाबीन त्यात गेलं, आणि हमीभाव किती जणांच्या पदरात पडतो ते बाजार समितीत जाऊन बघा. गाडगेबाबा याच मातीतले, कर्ज काढून लग्न करू नका म्हणून गावोगाव सांगत फिरले. बापाला कर्ज काढायला लावून गाऊन भाड्यानं आणू नका. आपल्या घराजवळ काय कमी आहे? दिवाळीनंतर कापूस फुटलेला असतो, पांढरंशुभ्र शेत, वरुड-मोर्शीकडं संत्र्याच्या बागा, फाल्गुनात पळस असा फुलतो की मागं दुसरं काही लावायची गरजच नाही. सकाळी सात ते साडेआठ, मावशीची साडी, साधा कुर्ता, एवढ्यात पुष्कळ होतं. फक्त शेतमालकाला विचारून जा आणि पीक तुडवू नका. धरणाच्या भिंतीवर, धबधब्याच्या कडेला, रेल्वे रुळावर उभं राहून फोटो काढायचं नाव घेऊ नका, माझ्या ओळखीतला कोणताही फोटोवाला "काही होत नाही" म्हणाला तरी ऐकू नका. चिखलदऱ्याला जायचंच असेल तर ते मेळघाटात येतं आणि मेळघाट हा व्याघ्र प्रकल्प आहे, जंगलात शूटिंगला वनविभागाची परवानगी लागते आणि ड्रोन तर परवानगीशिवाय काढूच नये. लोणारला सरोवराचा परिसर अभयारण्य आहे, तिथंही तेच, जुन्या मंदिरांत, किल्ल्यांत पुरातत्त्व खात्याला विचारावं लागतं.

एक गोष्ट मुलीच्या घरच्यांनी ध्यानात ठेवावी, प्री-वेडिंगचे फोटो इन्स्टाग्रामवर टाकायचे की नाही हे मुलीला विचारूनच ठरवा, आणि स्टुडिओवाल्याला लेखी सांगा की लग्न होईस्तोवर जाहिरातीत वापरायचे नाहीत. साक्षगंध मोडल्याची उदाहरणं आपल्या भागात आहेत, आणि मग ते फोटो मोबाइलवर फिरत राहतात, त्रास पोरीलाच होतो, तिचं पुढचं स्थळ अडतं. आमच्या धंद्यातल्या भावांनाही माझी विनंती आहे की लाइकसाठी असं करू नका.

फोटोवाल्याशी बोलताना साध्या कागदावर का होईना लिहून घ्या, तारीख, हळद न लग्न दोन्ही का एकच, किती वाजता येणार, कोण येणार (दुकानात एक माणूस दिसतो न लग्नात पाठवतात शिकाऊ पोट्टं), अल्बमची किती पानं, किती महिन्यात देणार, सगळा डेटा देणार का, अ‍ॅडव्हान्स किती दिला. सगळे पैसे आधी देऊ नका, अल्बम हातात आल्यावर शेवटचा हप्ता. डेटा भेटला की पेन ड्राइव्हवर भरोसा ठेवू नका, दोन-तीन ठिकाणी कॉपी करा.

लग्नाच्या दिवसासाठी दोन्ही घरच्या ग्रुप फोटोंची यादी आधीच लिहा आणि दोन्हीकडून एक-एक माणूस नेमा ज्याला सगळे ओळखतात, बहुतेक मामाजीच असतात. आजी-आजोबांचा फोटो सगळ्यात पहिले, त्यांना स्टेजखाली ताटकळत ठेवू नका. पंगत सुरू व्हायच्या आधी ग्रुप झाले पाहिजेत, वांग्याच्या भाजीचा वास सुटला की कोणी थांबत नाही. अंतरपाट खाली येतो तो क्षण एकदाच असतो, त्याच वेळी पाहुण्यांचे मोबाइल धरलेले हात मधे येतात आणि अक्षता इतक्या जोरात फेकतात की नवरा-नवरी दोघंही डोळे मिटून घेतात. माइकवरून दोनदा सांगायला लावा की मोबाइल खाली ठेवा, आणि अक्षतांच्या जागी फुलांच्या पाकळ्या ठेवा, तांदूळ पायाखाली जात नाहीत आणि फोटोत डोळेही उघडे येतात. बौद्ध पद्धतीच्या लग्नात दोघंही पांढऱ्या कपड्यात असतात, भर उन्हात पांढरं एकदम फक्क पडतं, घडी-काठ काहीच दिसत नाही, म्हणून तिथं सावलीतली जागा आधीच ठरवून ठेवा आणि मागं पांढरा पडदा लावू नका.

शेवटचं नोंदणीचं. महाराष्ट्रात १९९८ च्या कायद्याप्रमाणे लग्नाची नोंदणी ९० दिवसांत करायची असते, खेड्यात ग्रामपंचायतीत होते, वयाचे पुरावे, रहिवासी पुरावा, लग्नपत्रिका, तीन साक्षीदार आणि लग्नाचा फोटो लागतो. मुलगा २१ आणि मुलगी १८ पूर्ण पाहिजेच. पासपोर्टला, बँकेत, रेशनकार्डात नाव चढवताना हेच सर्टिफिकेट मागतात. माझ्याकडं वर्षभरानं लोक येतात, भाऊ, नोंदणीसाठी फोटो काढून द्या, आणि अल्बममधे बघावं तर मुंडावळ्यांनी, बाशिंगानं नाहीतर हारांनी अर्धे चेहरे झाकलेले. म्हणून हार घातल्यावर मुंडावळ्या बाजूला सारून, दोघांचे चेहरे सरळ आणि स्वच्छ दिसतील असा एक फोटो त्याच दिवशी फोटोवाल्याकडून मागून काढून घ्या, आणि त्याच्या चार कॉप्या पत्रिकेसोबत एका पाकिटात ठेवा.

आपला वाचक,
एक फोटोग्राफर,
ता. आर्वी, जि. वर्धा