बाजू चिठ्ठीने ठरू द्या

संपादक महोदय,

स.न.वि.वि.

शाळेतल्या वादविवादाबद्दल लिहितेय. स्पर्धांबद्दल नाही, वर्गात चाळीस मिनिटांच्या तासाला जो घ्यायचा असतो त्याबद्दल. मी हायस्कूलला शिकवते आणि बऱ्याच वर्गांत काय चालतं ते बघते, विषय ठरलेले, मोबाईल शाप की वरदान, विज्ञान शाप की वरदान, मग वर्गातले दोन ठरलेले 'वक्ते' घरून लिहून आणलेलं भाषण घडाघडा म्हणून दाखवतात आणि बाकीचे टाळ्या वाजवतात. एकाचं दुसऱ्याने ऐकलेलंच नसतं, ऐकायची गरजही नसते, कारण शापवाला आधी बोलला काय आणि नंतर बोलला काय, वरदानवाल्याच्या भाषणातला एक शब्द इकडचा तिकडे होत नाही. याला वादविवाद का म्हणायचं? पाठोपाठ दोन वक्तृत्वं झाली ही.

माझं म्हणणं असं की मुलांना आपली बाजू निवडूच देऊ नये. दोन्ही बाजूंची तयारी करून यायचं आणि तास सुरू झाला की चिठ्ठी उचलायची. पोरं कुरकुर करतात, "मॅडम, मला हे पटतच नाही तर मी कसं बोलू?" पालकही विचारतात की तुम्ही मुलांना खोटं बोलायला शिकवताय का. खोटं नाही हो. जुन्या शास्त्रग्रंथांत आधी पूर्वपक्ष, म्हणजे समोरच्याचं म्हणणं, मांडायचा आणि मग त्याला उत्तर द्यायचं अशी रीतच होती, आणि पूर्वपक्ष लंगडा मांडला तर उत्तरालाही काही किंमत नाही. शाळकरी मुलांची जागतिक वादविवाद स्पर्धा १९८८ पासून होते, तिथेही संघांना बाजू नेमूनच मिळते.

विषय मात्र असा हवा की ज्यात काहीतरी करा किंवा करू नका असं म्हणता येईल. 'मतदानाचं वय सोळा करावं' हा मला फार आवडतो. ऑस्ट्रियाने २००७ मध्ये ते केलंय, आणि भारतात १९८८ च्या ६१व्या घटनादुरुस्तीने एकविसाचं अठरा झालं, म्हणजे दोन्ही बाजूंना पकडायला काहीतरी ठोस मिळतं. एक म्हणतो अठरा काही दगडावरची रेघ नाही, एकदा बदललं तसं परत बदलू शकतं, दुसरा म्हणतो मग सोळालाच का थांबायचं, चौदा का नको? इथे खरी मजा सुरू होते. आणि एक गोष्ट कटाक्षाने पाळावी, ज्या विषयात वर्गातल्याच एखाद्या मुलाची जात, धर्म, घरची परिस्थिती किंवा शरीर चर्चेला येईल तो विषय कितीही 'ज्वलंत' असला तरी घेऊ नये. त्या पोराला चिठ्ठीत कुठली बाजू आली याने काही फरक पडत नाही, त्याच्यावर बोललं जातंच.

आता खंडनाचा नियम. समोरच्याचा मुद्दा खोडायच्या आधी तो आपल्या शब्दांत सांगायचा आणि त्याच्याकडून हो म्हणून घ्यायचं. ऐकायला सोपं वाटतं. "तुमचं म्हणणं असं की सोळा वर्षांची मुलं मूर्ख असतात." "नाही, मी म्हटलं त्यांच्यावर घरच्यांचा दबाव जास्त असतो." "म्हणजे ती स्वतः ठरवत नाहीत?" "ठरवतात, पण घरी उलटं बोलायची सोय नसते." आता कुठे खोडण्यासारखं काहीतरी हाताला लागलं! यात दोन मिनिटं जातात पण अर्ध्याअधिक चकमकी इथेच संपतात, कारण पोरं बऱ्याचदा भांडत असतात ती समोरच्याने न म्हटलेल्या गोष्टीशी.

बसलेल्या मुलांनाही काम हवं, नाहीतर मागच्या बाकांवर वेगळाच कार्यक्रम चालू होतो. वहीचं पान आडवं धरायचं, उभे रकाने पाडायचे, प्रत्येक भाषणाला एक. मुद्दा आला की लिहायचा, पुढच्या रकान्यात त्याला उत्तर मिळालं की बाण काढायचा. शेवटी ज्या मुद्द्यापासून बाण निघालाच नाही तो बिनउत्तराचा राहिला, हे शेवटच्या बाकावरच्या मुलालाही दिसतं आणि मग तोच हात वर करून विचारतो की याचं काय झालं.

वेळेचं म्हणाल तर बसतं सगळं. मांडणी तीन-तीन मिनिटं, एकमेकांना प्रश्न दोन-दोन, मग तीन मिनिटं दोन्ही बाजूंना आपापली कुजबुज करायला (ही कापू नका, खरा विचार तेव्हाच होतो), खंडन तीन-तीन, आठ मिनिटं वर्गाचे प्रश्न आणि समारोप एक-एक मिनिट. समारोपात नवीन मुद्दा चालणार नाही. एकोणतीस मिनिटं होतात, उरलेला वेळ चिठ्ठ्या उचलणं आणि मतदान यात जातो. मतदान सुरुवातीला एकदा आणि शेवटी एकदा, गुप्त, नाहीतर सगळे आपल्या दोस्तालाच मत देतात. ज्या बाजूकडे जास्त मतं सरकली ती जिंकली. म्हणजे सुरुवातीला वर्गातल्या चाळीसपैकी पाचच जण बाजूने होते आणि शेवटी तेरा झाले तर अल्पमतात राहूनही ती बाजू जिंकते, आणि अवघड चिठ्ठी आली म्हणून रडणाऱ्याला हे कळलं की रडणं थांबतं.

शिक्षकाने या सगळ्यात आपलं मत सांगू नये. हे फार जड जातं, मला तर जातंच.

आता तुमच्याकडे एक मागणं. पेपरात विद्यार्थ्यांसाठी जागा असते तिथे निबंध आणि सुविचार असतातच, त्याऐवजी आठवड्यातून एकदा एकाच प्रश्नावर दोन बाजूंचे दोन छोटे मजकूर छापाल का, आकडे आणि ते कुठून घेतले त्यासकट? मुलं दोन्ही बाजूंची तयारी करायला तयार होतात हो, पण त्यांना सोप्या मराठीत दुसरी बाजू वाचायला मिळतच नाही. दीडशे-दोनशे शब्द पुरेत, कापून वर्गात घेऊन जाता येतील एवढेच.

आपली,
एक माध्यमिक शिक्षिका