सूचना : शनिवारचा परिसंवाद – सुरक्षा परिषदेतील सुधारणा

सर्व सदस्यांना नमस्कार.

येत्या शनिवारी संध्याकाळी ५ वाजता नेहमीच्या सभागृहात आपला परिसंवाद आहे. विषय : संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत सुधारणा होणार तरी कशी?

येण्यापूर्वी संयुक्त राष्ट्रांच्या सनदेची कलमे २७ (परिषदेतील मतदान) आणि १०८ (सनदेत बदल) वाचून याच. दोन्ही मिळून जेमतेम अर्धे पान आहे. १०८ नीट वाचा. सनद बदलायला महासभेत दोन-तृतीयांश मते लागतात, शिवाय तितक्याच देशांची रीतसर मान्यता, आणि त्यात पाचही स्थायी सदस्य (अमेरिका, रशिया, चीन, ब्रिटन, फ्रान्स) हवेतच. घोडे नेहमी इथेच अडते. तरीही १९६५ मध्ये परिषद ११ वरून १५ सदस्यांची झाली. ते कसे जमले, यावर कोणीतरी तयारीने बोलावे अशी माझी मनापासून इच्छा आहे.

• टिपण वाचणाऱ्यांनी गुरुवारपर्यंत संयोजकांकडे नाव द्यावे. प्रत्येकी १० मिनिटे, वाढीव वेळ नाही.
• नकाराधिकार (स्थायी सदस्याने एकट्याने परिषदेचा ठराव रोखणे) वापरला गेला की १० कामकाजी दिवसांत महासभेची बैठक घ्यावी, या २०२२ च्या ठरावावर अजून कोणी नाव दिलेले नाही.
• टीका धोरणावर करावी, बोलणाऱ्याच्या देशावर नाही.

पहिले तीन प्रश्न नव्या सदस्यांसाठी राखून ठेवले आहेत.