ओटावाला पोचल्यावर वाच

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र बॅगेच्या बाजूच्या कप्प्यात, मोज्यांखाली ठेवतोय. डोक्याबद्दल एक अक्षर लिहिणार नाही, असं आईला कबूल केलंय.

काल जेवताना तुझ्या हॉकी आणि बेसबॉलवरून मी 'दोन दगडांवर पाय' म्हणालो. तू म्हणालास, 'डग हार्वीने ठेवलेच ना?' आणि माझ्या तोंडून गेलं, 'तो हार्वी होता.' रात्रभर झोप लागली नाही रे. बापाने असं बोलू नये.

हार्वीची गोष्ट तुला सांगितली तीही मीच. तू सात वर्षांचा, मी गारठलेल्या बोटांनी तुझ्या स्केट्सच्या नाड्या आवळतोय, आणि तुझं चालूच, 'बाबा, पुन्हा सांगा.' आपल्या मॉन्ट्रियलचा मुलगा. हिवाळ्यात आइस हॉकीच्या कॅनेडियन्स संघाचा बचाव सांभाळायचा, उन्हाळ्यात ओटावाला जाऊन बॉर्डर लीगमध्ये बेसबॉल खेळायचा. १९४९ साली फलंदाजीची सरासरी ०.३५१, अख्ख्या लीगमध्ये पहिला. तू विचारायचास, 'म्हणजे दहा वेळांतले साडेतीन फटके यशस्वी?' मी क्रिकेटवर वाढलेला; दहातले साडेतीन म्हणजे भारी, हे पटायला मलाच दोन उन्हाळे लागले. पुढे हॉकीत संघासोबत सहा स्टॅन्ली कप, सर्वोत्तम बचावपटूचा नॉरिस करंडक सात वेळा. तिथे गोष्ट संपायची आणि तू बर्फावर पळायचास.

त्यापुढचं मी कधी सांगितलं नाही. बर्फावर तो कधी गडबडायचा नाही, सगळ्या सामन्याचा वेग आपल्या मनासारखा कमी-जास्त करायचा. त्याच माणसाला दारूने पोखरलं. १९८९ मध्ये गेला तेव्हा जेमतेम पासष्टचा होता. एवढा शांत दिसणारा माणूस आत काय सोसत होता, कोणाला ठाऊक.

फेब्रुवारीत तुझं डोकं रिंकच्या कडेच्या बोर्डावर आपटलं आणि तू तीन दिवस गप्प राहिलास. 'उजेड सोसत नाही, दिवा बंद कर ना' म्हणालास, म्हणून आईला कळलं. लागल्याचा मला राग नाही, खेळात लागतंच. तू लपवलंस. तिथे दिवा बंद करायला कोण असणार? प्रशिक्षकांना सांग, खोलीतल्या मुलाला सांग, जागा जाईल म्हणून गप्प बसू नकोस, हेल्मेटची पट्टी...

बघ, सुरू झालो. माफ कर.

खरं सांगू? ओटावाचं बोलावणं आलं त्या दिवशी ऑफिसात मी सगळ्यांना सांगत सुटलो होतो. हार्वी खेळला त्या गावात माझा मुलगा बॅट घेऊन उतरणार! तुला तेवढं म्हणालो नाही. हॉकी सोड, बेसबॉल सोड, असं आता मी म्हणणार नाही. जमेल तोवर दोन्ही खेळ.

आक्काचा अंगारा पाकिटात आहे. लावायचा नसेल तर नको लावूस, टाकू मात्र नकोस. दहीभात आधी खा, पोळ्या उद्या चालतील.

फोन रविवारी कर. दुखलं तर रविवारची वाट बघू नकोस. दोन तासांचा रस्ता आहे. रात्री दोनला फोन केलास तर चारला दारात असेन.

बाबा