अटलांटाहून आई-बाबांना

अटलांटा,
दि. ९ फेब्रुवारी

तीर्थरूप आई आणि बाबा यांस,
शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

मी खुशाल आहे. थंडी ओसरली आहे, जेवणाची आबाळ होत नाही, बाकीचे सारे फोनवर बोलणे झालेच आहे. आईच्या एका प्रश्नाला मात्र फोनवर नीट उत्तर देता आले नाही, म्हणून हे पत्र.

आई, तू विचारलेस की व्यंग घेऊन जन्मलेल्या बाळांचीच माहिती दिवसभर वाचायची हे कसले काम, आणि स्थळ घेऊन येणाऱ्यांना ते सांगायचे तरी कसे. माझ्यापुढे बाळांची नावे येत नाहीत. जन्म कितव्या आठवड्यात झाला, व्यंग कोणते, आईला मधुमेह होता का, तिला कोणती औषधे चालू होती, एवढ्या नोंदी येतात. अशी नोंद या शहरात १९६७ सालापासून ठेवली जाते. त्याच्या दहा वर्षे आधी जर्मनीत थॅलिडोमाइड हे औषध विक्रीला आले. मळमळीवर म्हणून गरोदर बायकांनी ते विश्वासाने घेतले, आणि १९६१ च्या अखेरीस ते बाजारातून काढून घेईपर्यंत, मुख्यतः हातपाय अपुरे असलेली, दहा हजारांहून अधिक बाळे जन्मल्याचा अंदाज आहे. अशी बाळे नेहमीपेक्षा जास्त जन्मत आहेत हे कळायला आधी नेहमी किती जन्मतात हे कुणीतरी मोजलेले असावे लागते. म्हणून इथली माणसे डॉक्टरांनी कळवण्याची वाट न पाहता स्वतः रुग्णालयांत जाऊन कागद तपासतात. अमेरिकेत दर ३३ बाळांमागे साधारण एका बाळाला काही ना काही जन्मजात व्यंग असते. हे काम सांगायला संकोच वाटावा असे त्यात काही नाही, आणि ज्यांना वाटेल त्यांच्या घरी मला जायचेही नाही.

इथल्या एका रिवाजाचा मात्र मला अजून उलगडा झालेला नाही. पाचव्या महिन्याच्या सुमारास सोनोग्राफी होते, तेव्हा बाळ मुलगा आहे की मुलगी हे एका चिठ्ठीवर लिहून पाकीट बंद करून देतात. आईबाप ते उघडत नाहीत, थेट बेकरीत नेऊन देतात. बेकरीवाला चिठ्ठी वाचतो आणि बाहेरून पांढरा, पण आतून गुलाबी किंवा निळा केक तयार करतो. मग आप्तेष्ट जमतात, केक कापला जातो आणि आतला रंग पाहून जल्लोष होतो. कुणी केकऐवजी रंगीत धूर सोडतात, कुणी फुगे फोडतात. आपल्याकडे १९९४ च्या कायद्याने हे सांगणेच गुन्हा आहे, आणि २००१ च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे ८३९ च मुली होत्या हे आठवले की तो कायदा का लागला ते वेगळे सांगावे लागत नाही. पण ती सोनोग्राफी खरे तर बाळाचे हृदय, मणका, ओठ आणि मूत्रपिंडे नीट घडली आहेत का हे पाहण्यासाठी असते. दोन्ही देशांत लोकांचे लक्ष त्या एकाच प्रश्नाकडे लागावे, याचे मला फार वाईट वाटते.

आता थोरल्या आत्याबद्दल. तिच्या पहिल्या बाळाच्या पाठीवर गाठ होती आणि ते जगले नाही, कारण तिने ग्रहणात विळीवर भाजी चिरली, असे आपल्या घरात मी लहानपणापासून ऐकले. आजीच सांगायची की ते ग्रहण आत्याच्या सातव्या महिन्यात आले होते. बाळाचा मेंदू आणि पाठीच्या कण्यातला मज्जारज्जू ज्या नळीपासून घडतात ती गर्भ राहिल्यापासून २८ दिवसांच्या आत मिटते, किंवा मिटायची राहते आणि पाठीवर अशी गाठ येते. सातव्या महिन्यातल्या विळीचा त्याच्याशी काहीही संबंध नाही. फोलिक ॲसिड या जीवनसत्त्वाने हे व्यंग बऱ्याच अंशी टळते याचा पक्का पुरावा १९९१ साली मिळाला. असे एक बाळ आधी झालेल्या स्त्रियांमध्ये ते पुन्हा होण्याचे प्रमाण त्याने ७२ टक्क्यांनी घटले. आत्याचे बाळ त्याच्याही आधीचे. बाबा, तुम्ही तिचे धाकटे भाऊ आहात. हे तुम्हीच तिच्याजवळ बसून सांगावे, अशी माझी विनंती आहे.

आई, वहिनींसाठी तू अंबाबाईची ओटी भरलीस हे ऐकून बरे वाटले. फोलिक ॲसिडची गोळीही आत्ताच सुरू व्हायला हवी, कारण पाळी चुकून गर्भ राहिल्याची खात्री होईपर्यंत ते २८ दिवस पुष्कळदा संपत आलेले असतात. अमेरिकेत १९९८ पासून कारखान्यातल्या ‘एनरिच्ड’, म्हणजे पोषक घटक घातलेल्या, पिठात फोलिक ॲसिड मिसळणे सक्तीचे आहे. आपण गहू आणि ज्वारी गल्लीतल्या गिरणीतून दळून आणतो, तिथे ते कोण मिसळणार? मेथी-पालक खावेच, पण त्यावर विसंबू नये. दादाने वहिनींना घेऊन डॉक्टरांकडे जावे आणि आत्याच्या बाळाची हकीकत न लपवता सांगावी, म्हणजे गोळी किती मात्रेची ते डॉक्टर ठरवतील. एवढे करूनही काही झाले तर वहिनींना कुणी बोल लावू नये. अमेरिकेतल्या युटा राज्यात २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दर पाचांपैकी चार बाळांच्या व्यंगाचे निश्चित कारण सापडले नव्हते.

धाकट्यासाठी मामांच्या मुलीचा विषय निघाला आहे असे दादाकडून कळले. मुलगी गुणी आहे, आणि मामांचे मन मोडावे असे मला मुळीच वाटत नाही. पण इतक्या जवळच्या नात्यात बाळाला व्यंग असण्याचा शंभरात दोन-तीनचा धोका चार ते सहापर्यंत जातो. बहुतेक बाळे निरोगीच होतात, तरीही सुपारी फोडण्याआधी दोघांनी जनुकीय सल्ला घ्यावा आणि थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजारासाठी रक्त तपासून घ्यावे. मामांना हे सांगण्याचे अवघड काम दादावर पडणार, आणि घरातले प्रत्येक अवघड काम त्याच्याच वाट्याला येते हे मला इथे बसून कळते.

माझा फोटो आणि माहिती पुढच्या आठवड्यात पाठवते. यंदा सुट्टी मिळणार नाही. या महिन्याची रक्कम जमा झाली असेल. त्यातून आधी बाबांच्या मोतीबिंदूचे उरकावे, कर्जाचा हप्ता मी वेगळा भरला आहे. वहिनींची गोळी सुरू झाली की दादाला मला कळवायला सांगा.

आपली,
कन्या