वाऱ्याच्या देवाला राक्षस करू नका

संपादक साहेब, स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला अँडीजच्या देवांवरचा लेख वाचला आणि काल दिवसभर डोकं तापलेलं होतं, म्हणून आज लिहायला बसले. हुआयरा तातावर, म्हणजे तिथल्या वाऱ्याच्या देवावर, अर्धं पान दिलंत त्याबद्दल आधी आभार, मराठी पेपरात त्याचं नाव कोण घेतं! पण फोटो कोणाचा लावलाय? तो चोचीचा मुखवटा घातलेला एहेकात्ल आहे, अ‍ॅझ्टेकांचा, मेक्सिकोतला. तिथून टिटिकाका सरोवर पाच हजार किलोमीटर लांब आहे हो.

आणि लेखभर नुसतं वादळ, कोप, विध्वंस. अहो तो पाचामामाचा, म्हणजे धरणीमातेचा नवरा! डोंगरमाथ्यावर आणि खोल दऱ्यांत राहतो, तिथून उठून टिटिकाकाचं पाणी वर उचलतो आणि पाऊस करून तिच्या अंगावर, म्हणजे जमिनीवर ओततो, तेव्हा कुठे तिथे पीक येतं. ही मुख्य गोष्टच गाळलीत तर मग राहिलं काय?

मुलीकडे पेरूला गेले होते तेव्हा पुनोजवळच्या एका गावात किनोआची उफणणी बघितली. जवळपास ३८०० मीटर उंची, ऊन कडक आणि वारा पडलेला. एक आजीबाई पसरलेल्या धान्यापाशी नुसत्या उभ्या, आणि मधूनमधून हलकी शीळ घालत होत्या. मुलीने सांगितलं, वाऱ्याला बोलावतायत. आमच्या खळ्यावर माझे आजोबा पाटी हातात धरून असेच वाऱ्याची वाट बघत थांबायचे, मला तर तिथे भरूनच आलं. वारा आला तशा त्या हसल्या आणि भराभर कामाला लागल्या. त्या बाईंना वाऱ्याची भीती बिलकुल नव्हती, आणि तुम्ही लिहिता ‘हे लोक वाऱ्याला घाबरून असत’. असत काय, असत? अँडीजमधली क्वेचुआ भाषा बोलणारे आज ८० लाखांच्या वर आहेत, आयमारा बोलणारे वेगळे, बोलिव्हियाच्या २००९ च्या राज्यघटनेत दोन्ही भाषांना अधिकृत दर्जा आहे, १ ऑगस्टला पाचामामाला नैवेद्य अजून दिला जातो. जिवंत माणसांच्या देवाबद्दल भूतकाळात का लिहायचं?

बोलिव्हियातल्या पोटोसीचा तर उल्लेखच नाही. तिथे १५४५ मध्ये चांदी सापडली, स्पॅनिश लोकांच्या भात्यांनी ती नीट वितळेना, शेवटी तिथल्याच लोकांच्या हुआयराचिना कामी आल्या, म्हणजे भोकं ठेवलेल्या मातीच्या छोट्या भट्ट्या, डोंगरउतारावर वारा लागेल अशा मांडलेल्या. रात्री अख्खा डोंगर त्या आगींनी उजळायचा म्हणतात. १५७० नंतर पाऱ्याने चांदी वेगळी करायची पद्धत आली आणि त्या मागे पडल्या, पण तोवर जगभर गेलेली ती चांदी या वाऱ्यावर वितळली होती! यावर दोन ओळी लिहायला जागा नव्हती, आणि खाली गाद्यांची जाहिरात मात्र पाव पान.

जाता जाता अजून एक, मागच्या वेळी माझं पत्र छापताना मधला परिच्छेदच कापलात, त्यामुळे मी नेमकं उलटं म्हणतेय असं वाटत होतं, शेजारच्यांनी विचारलंसुद्धा. कापायचंच असेल तर यावेळी आभाराची ओळ कापा, पण उफणणीचं राहू द्या, आणि फोटोची दुरुस्ती पुढच्या रविवारी त्याच पानावर, दिसेल अशा टायपात छापा.

आपली,
एक नियमित वाचक, सातारा