बागेत नेलेला घरचा पिझ्झा

संपादक महोदय,
माझ्या नातीला दूध सोसत नाही. वाढदिवसाला सगळी मुलं पिझ्झा खातात आणि ही आपली केळं सोलत बसते, हे बघून जीव तुटायचा. म्हणून या फाल्गुनात मी घरीच व्हीगन पिझ्झा केला, म्हणजे दूध, लोणी, चीज काहीच नाही.

शुक्रवारी म्हापशाच्या बाजारातून आगशीची वांगी, तांबडी भाजी, कोवळा कांदापात आणि भेंड्या आणल्या. दोन वाट्या कणकेत चमचाभर यीस्ट, मीठ, तेल घालून कोमट पाण्याने सैलसर मळली आणि तासभर झाकून ठेवली. चीजऐवजी आपले काजू! वाटीभर काजू दोन तास भिजवून लसूण, लिंबू, मीठ घालून गंधासारखे वाटले. वांगी, भेंडी आधी परतून घ्यावी, नाहीतर पाणी सुटून पोळी लिबलिबीत होते. ओव्हन नको, बिडाच्या तव्यावर झाकण ठेवून मंद आचेवर छान होतो. पोळी खालून तांबूस झाली की उतरवावा.

रविवारी डबा घेऊन बागेत गेलो. नातीने पहिला तुकडा तोडला आणि दुसरा शेजारच्या मुलीला दिला. देणारी ती पहिल्यांदाच झाली होती.

मात्र त्या बागेत हात धुवायला नळ नव्हता, कचऱ्याचे डबेही भरून वाहत होते. घरचं अन्न घेऊन येणाऱ्या कुटुंबांसाठी प्रत्येक सार्वजनिक बागेत एक चालू नळ आणि ओल्या कचऱ्याचा वेगळा डबा असावा, एवढी कळकळीची विनंती.

एक आजी, म्हापसा